पराभवाला कपाट पुरत नाही

नाशिक शहरात खासगी ग्रंथसंग्रहांचे जे प्रकार आढळतात, त्यांत लष्करी इतिहासाचा संग्रह वाढीच्या बाबतीत सर्वांत बेशिस्त मानावा लागतो, आणि शिस्त हाच ज्याचा विषय त्याने असे वागावे, याचे कारण संग्राहकाच्या स्वभावात नसून त्या पुस्तकांच्या स्वभावात आहे. पाककृतींचे एक पुस्तक दुसऱ्या पुस्तकावर पुरणपोळी फाटल्याचा ठपका ठेवीत नाही. रणस्मृतीचे, म्हणजे युद्धात वावरलेल्या माणसाने ते संपल्यावर स्वतःच्या बाजूने लिहिलेल्या हकिकतीचे, तसे नसते. तिच्यात कोणावर तरी ठपका असतोच, ज्याच्यावर तो असतो त्यानेही बहुधा पुस्तक लिहिलेले असते, आणि एकाच बाजूचे ऐकून निकाल देणे न्यायाला धरून नसल्यामुळे संग्राहकाला ते दुसरे पुस्तक विकत आणावे लागते. दुसऱ्यात तिसऱ्याचे नाव निघते, आणि घरातील मंडळींना मात्र हे व्यसन वाटते.

या नियमाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९६२ चे चीनयुद्ध होय. प्रत्यक्ष लढाई २० ऑक्टोबरला सुरू होऊन २१ नोव्हेंबरच्या युद्धविरामाने थांबली, म्हणजे ती जेमतेम महिनाभर चालली. तिच्यावरील पुस्तकांची लढाई मात्र अद्याप थांबलेली नाही. चौथ्या कोअरचे, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या सैन्यदलाचे, प्रमुख लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांनी १९६७ मध्ये 'द अनटोल्ड स्टोरी' लिहून आपली बाजू मांडली. त्यांच्या हाताखाली सातव्या ब्रिगेडचे नेतृत्व करून चिन्यांच्या कैदेत पडलेले ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६९ मध्ये 'हिमालयन ब्लंडर' लिहिले, आणि त्यात कौलांची जी संभावना केली आहे ती वाचल्यावर दोन्ही पुस्तके एकाच फळीवर ठेवणे धोक्याचे वाटू लागते. पुढे गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मलिक यांनी लिहिले, दळवी आणि कौल यांच्या मधल्या पायरीवर असलेले निरंजन प्रसाद यांनी लिहिले, लष्करी मोहिमांचे संचालक पलित यांनी १९९१ मध्ये लिहिले, आणि या सर्वांच्या आधी धोक्याची सूचना देऊन निवृत्त झालेले कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल थोरात यांनी १९८६ मध्ये आपल्या आत्मचरित्रात ती सूचना पुन्हा एकदा दिली. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी मराठीत याच पराभवाचा वृत्तांत 'न सांगण्याजोगी गोष्ट' या नावाने लिहिला, तोपर्यंत ती गोष्ट इतक्या जणांनी सांगून झाली होती की मूळ लढाईत एवढे वक्ते एका जागी असते तर चिन्यांची काय प्राज्ञा होती, असे वाटावे.

या रांगेत एक जागा रिकामी सोडण्याची पद्धत जाणत्या संग्राहकांत दिसते. हेंडरसन ब्रूक्स आणि प्रेम भगत या दोन अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी करून १९६३ मध्ये अहवाल दिला, पण सरकारने तो आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने २०१४ मध्ये त्याचा काही भाग उघड केला, तेवढाच लोकांना वाचता आला. ही चार बोटांची फट अर्थातच फार दिवस मोकळी राहत नाही. तिच्यात प्रथम विजेचे बिल, मग गॅसचे पुस्तक आणि शेवटी सत्यनारायणाची पोथी येऊन बसते, आणि राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित असलेली ही जागा परत मिळवण्यासाठी संग्राहकाला घरात वाटाघाटी कराव्या लागतात.

१९६२ वर नाशिककरांचा एक खास हक्कही आहे. युद्धाच्या धामधुमीत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले, तेव्हा त्यांना लोकसभेची जागा हवी होती, आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिले. शत्रू रणांगणावर उतरलाच नाही म्हणून मिळालेला विजय युद्धशास्त्रात सर्वोत्तम समजतात. त्यांच्या १९६५ च्या युद्धकाळातील रोजनिशीवर आधारलेले पुस्तक त्यांचे स्वीय सचिव राम प्रधान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि 'आमच्या खासदाराचे पुस्तक' या सबबीवर ते ज्या घरांत शिरले, त्या घरांत १९६५ चे नवे कपाट सुरू झाले.

पुरवठ्याच्या बाबतीत, ज्याला लष्करी भाषेत रसद म्हणतात, हे शहर भाग्यवान आहे. देवळालीला तोफखान्याचे विद्यालय, नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र, १९३७ मध्ये डॉ. मुंजे यांनी स्थापन केलेली भोसला सैनिकी शाळा आणि ओझरचा विमान कारखाना यांमुळे वर्दीतली आणि वर्दी उतरवलेली माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचे घर आवरले जाते तेव्हा स्लिम आणि मॅनस्टाइन हे सेनापती व चर्चिल एकाच गोणीतून रद्दीवाल्याकडे येतात. चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सहा खंडांत लिहिला आणि १९५३ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल मिळाले, पण तराजूला ही गोष्ट ठाऊक नसते. जाड पुठ्ठ्यामुळे वजन भरते इतकाच त्या सन्मानाचा तेथे उपयोग.

मराठी फळी लावताना वेगळाच पेच पडतो. पानिपतावरून जिवंत परतलेल्या तरुण नाना फडणविसांनी आपली हकिकत लिहून ठेवली. अवधचा नवाब शुजा याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पलीकडच्या छावणीतून पाहिलेले फारसीत लिहिले. भाऊसाहेबांच्या बखरीत मल्हारराव होळकरांवर ठपका आहे, तर होळकरांच्या कैफियतीत, म्हणजे आपली बाजू मांडणाऱ्या लेखात, त्याचे उत्तर सापडते. कौल आणि दळवी यांच्या कितीतरी आधी हा प्रकार सुरू झालेला होता. १८५७ च्या धामधुमीची मराठीतील सर्वांत जिवंत हकिकत तर वरसईच्या विष्णुभट गोडसे या भिक्षुकाची आहे. दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत गेलेला हा माणूस झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला आणि गंगेची कावड घेऊन घरी परतला. 'माझा प्रवास' हे त्याचे पुस्तक १९०७ मध्ये छापले गेले. त्याच्याकडे ना पद होते ना बचाव करण्याजोगा निर्णय, म्हणूनच कदाचित सेनापतींच्या गर्दीत त्याच्यावर विश्वास बसतो. उलट विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही १९३९ ची कादंबरी केवळ नावावर विसंबून या फळीत येते. तिच्यात युरोपातून निघालेली बोट आहे, निर्वासित ज्यू आहेत, एक प्रेम आहे, आणि तोफ एकही नाही. तरीही अनेक संग्राहकांनी ती परत पाठवलेली नाही, ही त्यांच्या रसिकतेची खूण मानावी.

पावसाळ्यात कसर आणि वाळवी या दोन शत्रूंखेरीज गोदावरीचाही विचार करावा लागतो. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले यावरून येथे पुराची मोजदाद होते. ऑगस्ट २०१६ च्या पुरानंतर नदीकाठच्या तळमजल्यावरील खालची फळी कोणाला द्यावी, हा प्रश्न ऐरणीवर आला. न्याय असा की ज्याने पराभवाचे खापर पूर्णपणे हवामानावर फोडले, त्याला खाली बसवावे.

सीझरने गॉलच्या मोहिमेचा वृत्तांत लिहिताना स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी केला, आणि त्यामुळे त्याची आत्मस्तुती त्रयस्थाच्या साक्षीसारखी वाटते. प्रस्तुत लेखातही तीच सोय साधून घेतली आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेलच.

रद्दीतून आलेल्या प्रतींचे खरे मोल मात्र त्यांच्या समासात असते. मूळ मालक त्या लढाईत हजर असल्यास पानोपानी पेन्सिलीने 'साफ खोटे', 'हा पूल आम्ही बांधला', 'त्या रात्री हे महाशय तंबूत झोपले होते' असे शेरे आढळतात, आणि कधी त्यांखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, बहुधा दुसऱ्या रेजिमेंटच्या, त्या शेऱ्यांचे खंडनही असते. अशा प्रतीत छापील मजकूर शेवटी इतका झाकला जातो की लेखकाचे मूळ म्हणणे काय होते हे कळण्यासाठी संग्राहकाला त्याच पुस्तकाची एक कोरी प्रत घ्यावी लागते, आणि ती तो हाताशी पेन्सिल ठेवून वाचतो.