मुठेचा दुसरा उगम

मुठा नदी सह्याद्रीत उगम पावते, असं भूगोलाच्या पुस्तकात आहे. पुस्तक जुनं झालं. खडकवासल्याला धरण आहे आणि धरणातलं पाणी आधी कालव्यात आणि आपल्या नळात जातं. पावसाळ्यात विसर्ग सुटला की पुलांवर मोबाइल घेऊन गर्दी होते, तेवढीच खरी नदी. उरलेल्या महिन्यांत पुण्यातून जी वाहते, तिचा उगम तिसऱ्या मजल्यावर आहे. अटॅच टेरेसमध्ये, वॉशिंग मशिनच्या मागे.

झालं असं, की बिल्डरनं स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी दिली होती. मशिनची जागा तिथं, नळ तिथं, नहाणी ट्रॅप तिथं आणि तो ट्रॅप रीतसर ड्रेनेजला जोडलेला. पण ओटा लहान पडत होता. इंटीरियरवाल्यानं मधली भिंत पाडली, ड्राय बाल्कनी ओट्याखाली गडप झाली आणि मशिन टेरेसवर गेलं. टेरेसला भोक एकच, पावसाचं पाणी जायला ठेवलेलं. प्लंबरनं मशिनची राखाडी नळी त्यात खुपसली, कडेनं पांढरं सिमेंट फासलं आणि म्हणाला, ‘झालं, वहिनी. तुंबलं तर फोन करा.’ तुंबत नाही. सुरेख जातं. कुठं जातं, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

कुठं जातं ते सांगतो. शहराच्या पोटात दोन वेगळी जाळी आहेत. एक ड्रेनेजचं. संडास, बाथरूम आणि ओट्याचं पाणी त्यातून मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जातं, निदान जावं अशी अपेक्षा असते. दुसरं पावसाळी गटारांचं. ते गच्ची, अंगण आणि रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि जवळच्या ओढ्यात सोडतं. ओढा नदीला मिळतो. या दुसऱ्या वाटेवर शुद्धीकरण केंद्र नाही, कारण ढग डिटर्जंट वापरत नाहीत असा आखणी करणाऱ्यांचा भाबडा समज होता. त्यांनी ढग पाहिले होते, आमची सोसायटी पाहिली नव्हती.

आता कोटींचा हिशेब. मुळा-मुठा शुद्ध करण्यासाठी जपानी कर्जाची ‘जायका’ योजना २०१६ साली मंजूर झाली. तेव्हा आकडा होता ९९० कोटी. भूमिपूजन झालं ६ मार्च २०२२ रोजी, तोवर आकडा १,४७० कोटींच्या वर गेला होता. सहा वर्षांत काहीच वाहिलं नाही असं कोण म्हणेल? योजनेत ११ केंद्रं आहेत, रोज सुमारे ४०० दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याची क्षमता आहे. छानच आहे. फक्त केंद्र कितीही मोठं बांधलं, तरी त्याला दारात आलेलंच पाणी शुद्ध करता येतं. आपल्या मशिनचं पाणी त्या दारावरून जातच नाही. ते मागच्या गल्लीनं, पावसाच्या नावावर, फुकट नदीत पोचतं.

महापालिकेला यातून सूट नाही. भोगवटा प्रमाणपत्र देताना नकाशात ड्रेनेजची रेघ कुठून गेली हे पाहतात. नंतर ती रेघ कुणी वळवली, हे कुणीच पाहत नाही. ड्रेनेजच्या मोठ्या लाइनींची गंमत वेगळीच. कितीतरी ठिकाणी त्या ओढ्याच्या काठानं टाकल्यात, काही ठिकाणी तर थेट पात्रातून. ओढ्यात मधोमध उभी असलेली सिमेंटची चेंबरं पाहा. पूर आला की झाकण उडतं, आणि वर्षभर वेगळं ठेवलेलं पाणी एका रात्रीत एकत्र येतं. अशा कारभाराची फळंही दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे होते. त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात. पहिला नंबर. आपण उगाच म्हणतो, की राज्य मागे पडलं.

यापुढची चूक मात्र सुशिक्षित आहे. पर्जन्यजलसंधारण केलं की मिळकतकरात सवलत मिळते, म्हणून सोसायटीनं उत्साहानं पावसाच्या पाइपा गोळा करून बोअरवेलशेजारच्या शोषखड्ड्यात सोडल्या. फोटो काढला, फाइल केली, सवलत घेतली. त्याच पाइपांत टेरेसवरचं मशिनही होतं, हे फोटोत दिसत नाही. म्हणजे पावसाळ्यातले चार महिने पाऊस मुरतो आणि बारा महिने फेस मुरतो. उन्हाळ्यात तेच पाणी बोअरमधून उपसून बागेला घालतात. जास्वंदीची पानं पिवळी पडली, की माळी बदलतात.

शुद्ध पावसाचं कौतुकही जरा आवरतं घ्यावं. पहिल्या पावसावर आपल्याकडे कविता फार, पण शहरात वर्षातलं सर्वांत घाण पावसाचं पाणी तेच. आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल, टायरची भुकटी, ब्रेकची पूड, कबुतरांची विष्ठा, सकाळी फिरायला नेलेल्या कुत्र्यांनी मागे ठेवलेलं आणि माणसांनी थुंकलेलं, सगळं त्या पहिल्या तासाभरात धुऊन ओढ्यात जातं. म्हणून तर जलसंधारणाच्या टाकीत पहिला पाऊस घ्यायचा नसतो, तो बाहेर सोडून द्यायचा असतो. बाहेर म्हणजे नदीत. पहिल्या सरीनंतर मासे मरून वर आल्याची बातमी येते, तेव्हा आपण कारखान्यांना शिव्या देतो. कारखाने त्या शिव्यांना पात्रच असतात, पण त्यातला थोडा वाटा पार्किंगमध्ये नळी लावून रोज गाडीला अंघोळ घालणाऱ्यांचाही आहे.

उलटी चूकही आपण तितक्याच तन्मयतेनं करतो. पावसाळ्यात आवारात घोटाभर पाणी साचलं, की वॉचमनला सांगून ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायचं. पाणी भसाभस उतरतं, सेक्रेटरी धन्य होतात. तिकडे शुद्धीकरण केंद्रात झेपेल त्याच्या कितीतरी पट पाणी येतं आणि मैल्यासकट नदीत सोडून द्यावं लागतं. उघड्या झाकणाची दुसरी किंमत मुंबईनं मोजली आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात साचलेलं पाणी उतरावं म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. त्यावर विनोद सुचत नाही.

बरं, हे सगळं नदीचं नदी बघून घेईल म्हणावं, तर नदी पुण्यात संपत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते. तुमच्या डिटर्जंटमधला फॉस्फेट तिथल्या जलपर्णीला खत म्हणून चांगला मानवतो. सोलापूरकर उजनीचंच पाणी पितात, तेही त्यांना रोज मिळत नाही. आषाढीला चंद्रभागेत वारकरी स्नान करतात, त्यासाठी पाणी उजनीतूनच सोडतात. पालखी पुण्यात आली की आपण रस्त्यावर उभं राहून पाणी वाटतो. वाटायची गरज नाही. आपलं पाणी त्यांच्या आधी पंढरपूरला पोचलेलं असतं.

आजीच्या घरी मोरीचं पाणी परसात जायचं, अळू आणि केळीच्या बुंध्याशी. तिला शुद्धीकरण केंद्र माहीत नव्हतं, पण आपलं पाणी कुठं जातं ते माहीत होतं, कारण त्या अळूचं फदफदं तिला स्वतःला खायचं होतं. आपल्या पाण्याचं फदफदं दुसऱ्या जिल्ह्यात खातात, हीच काय ती प्रगती.

उपाय विचाराल तर लाजायला होईल इतका लहान आहे. काही फूट पाइप, दोन बेंड, एक नहाणी ट्रॅप आणि नळी पावसाच्या भोकातून काढून ड्रेनेजच्या पाइपला. खर्च इंटीरियरवाल्याच्या एका कपाटाच्या दारापेक्षा कमी. पण सोसायटीच्या सभेत हा विषय येत नाही, कारण पार्किंगचा संपत नाही.

आपलं घर या पापात आहे की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. एप्रिलमध्ये, रणरणत्या दुपारी खाली जा. इमारतीच्या कोपऱ्यातून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपच्या तोंडाशी बघा. कोरडं ठणठणीत असेल, तर तुमची इमारत पुण्यवान. ओल, शेवाळ किंवा फेस दिसला, तर ‘नदी वाचवा’च्या फेरीला जाण्याआधी प्लंबरला फोन करा. आजच करा. फेरी रविवारी असते, आणि प्लंबर रविवारी येत नाही.