कोपऱ्यावरच्या भाऊजींचं बेसमेंट

अहो वहिनी, पाणी घालून झालं असेल तर जरा या कुंपणाशी. मेथीचं नंतर बोलू. कोपऱ्यावरच्या भाऊजींची बातमी आहे.

तुम्हीच विचारत होतात ना, हा माणूस दर शनिवारी पहाटे अंधारात गाडी काढून जातो कुठे? हातात टॉर्च, खांद्याला रिकामी पिशवी. त्यांच्या मिसेसना विचारलं की त्या हवापाण्यावर यायच्या. मंडळात तर लोकांनी त्यांना थेट अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत नेऊन बसवलं होतं. तसलं काही नाही हो. रेकॉर्डी! काळ्या तबकड्या. आणि त्याही बाबूजींच्या नाहीत, वसंतरावांच्या नाहीत, तर रॅपच्या. जन्मभर लोकांचे टॅक्स भरून दिले आणि रिटायर झाल्यावर बेसमेंटमध्ये हिपहॉप!

मला कसं कळलं म्हणता? परवा त्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. धाडधाड ठेका चाललेला आणि त्यातून, शपथेवर सांगते, लताबाईंचा आवाज! मी पोळ्यांचा गॅस बंद केला आणि तशीच गेले. भाऊजी खाली एकटेच मान हलवत बसलेले. म्हणाले, ‘ज्योती’ सिनेमातलं १९८१चं ‘थोडा रेशम लगता है’. ते इथल्या डीजे क्विकनं उचललं आणि २००२ साली ट्रुथ हर्ट्स नावाच्या बाईच्या ‘ॲडिक्टिव्ह’ गाण्यात घातलं. ना विचारलं, ना बप्पी लाहिरींचं नाव छापलं. गाणं धो धो चाललं. मग सारेगामा कंपनीनं पन्नास कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि बप्पीदाही कोर्टात गेले. कोर्टानं सांगितलं, नाव छापल्याशिवाय विकायचं नाही. भाऊजींकडची तबकडी बिननावाची. मला वाटलं, केवढी मौल्यवान असेल! तर म्हणाले, छे, ही कुठेही मिळते, चहापाण्याच्या पैशात.

तिथंच मी फसले बघा. ‘मग मौल्यवान कुठली?’ असं विचारलं आणि दीड तास खाली बसले. पोळ्या राहिल्या, यांनी ब्रेड खाल्ला.

सगळं सुरू झालं म्हणे ११ ऑगस्ट १९७३ला, ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक ॲव्हेन्यूच्या इमारतीत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं शाळा सुरू व्हायच्या आधी पार्टी ठेवली आणि रेकॉर्डी लावायला भावाला बसवलं. तो जमैकाहून आलेला, डीजे कूल हर्क. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात गायक गप्प होऊन नुसता ड्रम वाजतो ना, तेव्हाच पोरं खरी नाचतात. पण तो तुकडा काही सेकंदांचा. म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारी ठेवायचा. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच, तोवर पहिली मागे फिरवलेली. म्हणजे हे संगीत जन्मलंच जुन्या रेकॉर्डींतून. त्यामुळे जुन्या रेकॉर्डी हुडकणं हा या लोकांचा शौक नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता.

आणि चोरटेपणा तर ऐका! हा हर्क रेकॉर्डी पाण्यात भिजवून त्यांची लेबलं काढून टाकायचा. दुसऱ्या डीजेनं वाकून पाहिलं तरी कुठलं गाणं ते कळू नये. माझ्या आतेसासूबाई गोड्या मसाल्याची कृती सांगताना दगडफूल गाळायच्या, तशातली गत. भाऊजी शनिवारी कुठल्या जुन्या बाजारात जातात हे त्यांच्या मिसेस का सांगत नव्हत्या, ते आता कळलं ना? पहाटे टेम्पोतून खोकी उतरतात, तेव्हाच टॉर्च मारून बघायचं. सात वाजता येणाऱ्याला उरतात त्या ख्रिसमसच्या गाण्यांच्या रेकॉर्डी.

आता आपल्या जर्सीची गंमत. रॅपचं पहिलं तुफान चाललेलं गाणं, ‘रॅपर्स डिलाइट’, १९७९, ते आपल्या एंगलवूडचं! सिल्विया रॉबिन्सन नावाच्या बाईंची शुगर हिल कंपनी. स्वतः जुन्या गायिका, पण नजर पक्की. पिझ्झाच्या दुकानात काम करणारा एक पोरगा काम करता करता रॅप करत होता, त्याला उचलला, आणखी दोघे घेतले, झाली पार्टी तयार. पण त्या पिझ्झावाल्यानं म्हटलेल्या ओळी होत्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या. इतक्या जशाच्या तशा की त्यात कॅझचं टोपणनावसुद्धा तसंच राहिलं! वाद्यसंगीत ‘शीक’ या बँडच्या गाण्यावर बेतलेलं; त्यांनी दावा लावायची भाषा केली तेव्हा त्यांची नावं लागली. कॅझ मात्र अजून तेच गाऱ्हाणं सांगत असतो, आणि मला विचाराल तर बरोबर आहे त्याचं.

पण हे गाणं घराघरांत गेलं, त्यामुळे ती तबकडी स्वस्त. महाग कोणती? १९८३ची ‘बीट बॉप’. रॅमेलझी आणि के-रॉब यांची. खर्च केला चित्रकार बास्कियानं, कव्हरही त्यानंच काढलं, काळंपांढरं, आणि छापल्या फक्त ५०० प्रती. त्याच बास्कियाचं एक चित्र २०१७ साली ११ कोटी डॉलरच्या वर गेलं. आता बोला! ज्यांनी तेव्हा ती तबकडी उचलली, ते आज काय म्हणत असतील?

भाऊजींना ती परवडणारी नाही, आणि हवीही नाही. त्यांचं मन वेगळ्यात. ‘रँडम रॅप’ म्हणतात त्याला. ऐंशीच्या शेवटी, नव्वदच्या सुरुवातीला गावोगावच्या पोरांनी पैसे साठवून बारा इंची तबकड्या दोनचारशे छापायच्या, गाडीच्या डिकीतून विकायच्या, दोनचार रेडिओवाल्यांना द्यायच्या आणि उरलेल्या आईच्या गॅरेजमध्ये. कंपनी स्वतःचीच, पत्ता घरचाच. कुणी विचारलं नाही तेव्हा. आज जपान-जर्मनीतून लोक त्या शोधतात. भाऊजींनी एक दाखवली, लेबलवर कुठल्या तरी पोराचा घरचा फोन नंबर छापलेला. मी म्हटलं लावून बघा. म्हणाले, लावला होता, कुणीतरी दातांचा दवाखाना निघाला.

तबकडी हातात आली की हे लोक गाणं ऐकत नाहीत आधी. लेबलाशेजारची कोरी पट्टी असते ना, तिथं कारखान्यानं कोरलेले आकडे भिंगातून वाचतात. त्यावरून पहिली छपाई की नंतरची ते कळतं. बारा इंची का, तेही कळलं मला. जागा मोठी म्हणजे खाचा रुंद, म्हणून ठेका दणदणीत. आणि त्या काळी एसपी-१२०० नावाचं यंत्र होतं, त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग पोरं ३३च्या वेगाची रेकॉर्ड ४५वर लावून भरायची आणि आत पुन्हा हळू करायची. त्यानं आवाज खरबरीत व्हायचा. आज लोक त्या खरखरीसाठीच पैसे मोजतात! १९९१मध्ये बिझ मार्की नावाच्या रॅपरविरुद्ध निकाल लागला आणि न विचारता तुकडे उचलणं महागात पडायला लागलं. त्याआधीच्या तबकड्यांत एकेका गाण्यात केवढे तुकडे कोंबलेले असायचे. तसं आता कुणाला परवडायचं नाही.

मला एकच राग येतो, तो प्लास्टिक न फोडता कपाटात कोंडून ठेवणाऱ्यांचा. वाजवायची वस्तू ती. भाऊजी वाजवतात, एवढं मात्र मानलं. आणि नुसतं वेड म्हणून सोडून देऊ नका हं. एंगलवूडचा तो शुगर हिलचा स्टुडिओ २००२ साली जळाला, मूळ टेपांसकट. मोठ्या कंपनीची ही गत, तर त्या गॅरेजवाल्या पोरांच्या टेपा कोण सांभाळणार? लोकांच्या घरात उरलेल्या तबकड्या, तेवढंच शिल्लक.

म्हणूनच हाक मारली तुम्हाला. आधीच्या घरमालकांची ती रेकॉर्डींची खोकी तुम्ही गॅरेजमध्ये आडवी रचून ठेवली आहेत ना, वर पेंटचे डबे? कालच मला दिसली. जुलैच्या उन्हात वाकतील ती. उभी करा, आत आणा, आणि मंगळवारी कचऱ्याच्या गाडीला देऊ नका. भाऊजींना बोलवा, बघून सांगतील. फक्त किंमत ठरवताना आमच्या यांना मध्ये घ्या, भाऊजी अकाउंटंट आहेत. आणि मी सांगितलं हे त्यांच्या मिसेसना कळू देऊ नका.