धुऱ्याबाहेरचा बॉल

"मास्तर, गेला का तो मेस्सी वापस?"

कुपाटीपलीकडून तात्यांचा आवाज आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. मी नुसती मान हलवली. चूळ भरेपर्यंत तात्या थांबत नसतात.

"आमचा नातू गेल्ता ना वानखेडेवर. पुण्याहून गेला, हजारोचं तिकीट काढून. मी म्हटलं, किती गोल मारले रे त्यानं? तर म्हणे, आबा, तो मॅच खेळलाच नाही. मंग केलं काय? म्हणे, हात हलवला, दोनचार बॉल पब्लिकमंधी मारले, सचिनसंगं फोटो काढला." तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "सोयाबीनचं पोतं गेलं मास्तर त्या तिकिटात. हात तर आपला सरपंचही हलवते. फुकटात."

आमच्या आणि तात्यांच्या घरांमध्ये भिंत नाही, बाभळीच्या काट्यांची कुपाटी आहे. दर उन्हाळ्यात तिला नवे काटे लावायचं दोन्हीकडून ठरतं आणि दोन्हीकडून राहून जातं. त्यामुळे मधोमध एक खिंडार पडलंय. पलीकडे तात्यांची बाज, अलीकडे माझी प्लास्टिकची खुर्ची. लोणार-मेहकर रस्त्यावरच्या आमच्या सुलतानपुरात फुटबॉलवर बोलणारी माणसं दोनच, आणि ती नेमकी शेजारी. बाकी गाव क्रिकेटचं. तसा आमचा तालुका फुटबॉलला अगदीच परका नाही. जगात सगळ्यात लांबून आलेली किक आमच्याच लोणारात पडली आणि त्या खड्ड्यात अजून पाणी आहे.

तात्यांना हा नाद फौजेतून लागला. पोस्टिंग कलकत्त्याला होती. ईस्ट बंगाल जिंकलं तर बाजारात हिलसा महाग, मोहन बागान जिंकलं तर कोळंबी महाग, हे ते अजून काल पाहिल्यासारखं सांगतात. म्हणून मेस्सीच्या दौऱ्यात त्यांना मुंबईपेक्षा कलकत्त्याचं जास्त लागलं. मुंबईत निदान हात तरी दिसला. आदल्या दिवशी, 13 डिसेंबरला, सॉल्ट लेकच्या मैदानात मंत्री, नट, फोटोवाले यांनी त्याला असं काही घेरलं की पैसे भरून आलेल्या माणसाला त्याची पाठही दिसेना. थोड्याच वेळात तो निघून गेला. लोकांनी खुर्च्या उपटून मैदानात भिरकावल्या आणि आयोजकाला अटक झाली.

"बरं केलं," तात्या म्हणाले. "खुर्च्याइचं नाई म्हणत मी. खुर्च्याइनं काय वाकडं केलं कोनाचं."

"मुंबईत त्याच्या हातून एक योजनाही सुरू केली, तात्या. प्रोजेक्ट महादेवा. तेरा वर्षांच्या आतली पोरं-पोरी निवडून शिकवणार."

"महादेव त्याइचा, अन् नंदी आपुन."

त्यावर मी काही बोललो नाही, कारण नंदीचं काम मी केलेलं आहे. 2017 साली सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यभर दहा लाख पोरांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा, असा सरकारचा फतवा होता. मी तेव्हा ज्या शाळेवर होतो तिथं आम्ही दोन बाभळीच्या फांद्या रोवून गोल केला. पोरं काय धावली म्हणता! सगळी एकाच बाजूला धावली, पण धावली. फोटो काढला, वर पाठवला. आठवड्याभरात बॉलला काटा लागला. पंप शाळेत नव्हता, पंक्चरवाला म्हणाला हे आपलं काम नाही. पुढं तो बॉल अर्धा कापून पोषण आहाराच्या बाईंनी पाखरांना पाणी ठेवायला घेतला. दहा लाखांत आमची त्र्याहत्तर पोरं मोजली गेली असतील, एवढं मात्र खरं.

"मेस्सीले पाहाले एवढे लोक," तात्या परत मूळ पदावर आले, "अन् आपल्यावाली टीम बांगलादेशसंगं हारते."

ही तात्यांची ताजी जखम. 18 नोव्हेंबरला ढाक्यात आपण 1-0 हरलो. त्याआधी ऑक्टोबरात मडगावला, आपल्याच मैदानात, सिंगापूरनं 2-1 नं हरवून 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद केली होती. जागतिक क्रमवारीत आपण 142 वर आलो. 1962 साली जकार्तात दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्ण आणणारा देश हाच, असं पोरांना सांगितलं तर ती माझ्याकडे सेतुबंध सांगितल्यासारखं बघतात.

पण तात्यांचा खरा राग हरण्यावर नसतो. फौजी माणूस, हरणं त्यांना कळतं. त्यांचा राग 11 जून 2024 च्या दोह्यावर आहे. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कतारशी सामना होता. छांगटेनं गोल मारून आपण पुढं. पंधरा-सतरा मिनिटं उरलेली. बॉल आपल्या गोलकीपर गुरप्रीतच्या हाताखालून सरळ गोलरेषेच्या बाहेर गेला, गुरप्रीत थांबला, आपले बचावपटूही थांबले. कतारच्या एका गड्यानं तो बाहेरून पायानं आत ओढला, दुसऱ्यानं जाळ्यात घातला. पंचानं गोल दिला! व्हिडिओ पाहून निर्णय फिरवायची सोय त्या फेरीत नव्हती. शेवटी 2-1 नं हरलो आणि पुढच्या फेरीची वाट तिथंच संपली.

"धुऱ्याबाहेरचा बॉल होता, मास्तर," तात्या बाजेवरून अर्धे उठून म्हणाले. दर वेळी ते याच जागी उठतात. "साऱ्या जगाले दिसला धुऱ्याबाहेर. आपल्या वावरात कोनी हातभर धुरा कोरला तर आपुन मोजणी आणतो, कोर्टात जातो, तीन पिढ्या बोलत नाई. अन् हे म्हणतेत, झालं गेलं, शिट्टी वाजली."

"आपल्या महासंघानं तक्रार केली होती."

"तक्रार तर मीही केली तहसीलीत. धा वर्सं झाले."

अंगणात काकू तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला की समजायचं, काकू ऐकताहेत. आता थांबला.

"ते पत्रिकावालं सांगा ना मास्तर," त्या म्हणाल्या. काकूंना फुटबॉलमधलं एवढं एकच प्रकरण आवडतं. 2022 च्या जूनमध्ये आशिया चषकाच्या पात्रता सामन्यांच्या वेळी आपल्या संघाचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर श्टिमाच कोणाला खेळवायचं हे दिल्लीकडच्या एका ज्योतिषाला विचारत होते, असं पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात छापून आलं. ज्योतिषाची दक्षिणा लाखांत, आणि ती महासंघाच्या पैशातून. त्यातला अफगाणिस्तानचा सामना आपण शेवटच्या मिनिटांत जिंकलो, म्हणून काकूंचं मत ज्योतिषाच्या बाजूनं आहे.

"त्याले दोह्याले कायले नाई नेलं मंग?" काकूंनी विचारलं. याला उत्तर नाही.

"पण महासंघ म्हंजे कोण, मास्तर? आपले गोंदियावाले साहेब होते ना?"

होते. प्रफुल्ल पटेल 2009 ते 2022 अध्यक्ष होते. 2019 ला तर फिफाच्या परिषदेवर निवडून गेलेले पहिले भारतीय. विदर्भाचा माणूस झुरिकला फिफाच्या मुख्यालयात बसतो, याचा तात्यांना तेव्हा केवढा अभिमान! पण तेव्हाच्या क्रीडा संहितेप्रमाणे अध्यक्षाला बारा वर्षांची मर्यादा होती. 2020 च्या डिसेंबरात निवडणूक व्हायला हवी होती, ती झाली नाही, प्रकरण कोर्टात आणि खुर्ची जागेवर. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना बाजूला करून प्रशासकांची समिती बसवली. ऑगस्टमध्ये फिफानं, बाहेरच्यांची ढवळाढवळ झाली म्हणून, भारतालाच निलंबित केलं. आपल्याकडं संस्थेवर प्रशासक आला की कुलूप कार्यालयाला लागतं, इथं ते पोरींच्या बुटाला लागलं. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेला होता. तिथं जाऊन न खेळता परत आला. अकरा दिवसांनी बंदी उठली, पण त्या पोरींचे सामने होऊन गेले होते.

"त्याइची काय चूक?" काकू.

"काहीच नाही. पण खरी मजा त्यानंतरची. 2 सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भुतिया."

"भुतिया!" तात्यांचे डोळे चमकले. "त्याले मी ईस्ट बंगालमंधी पाह्यलं."

"त्याला मतं किती पडली सांगा."

तात्यांना माहीत होतं, तरी ते गप्प बसले. कल्याण चौबे 33, भुतिया 1. देशाच्या माजी कप्तानाला एक मत! प्रशासकांच्या घटनेत छत्तीस माजी खेळाडूंना मताचा हक्क द्यायचा प्रस्ताव होता. फिफाला तो पटला नाही, आणि शेवटी मतदार उरले ते फक्त राज्य संघटनांचे. खेळणाऱ्याला मत नव्हतं, पाहणाऱ्याला तर नव्हतंच नव्हतं.

मला वाटतं, टीव्हीवरच्या तज्ज्ञांना हे समजावून घ्यायला आलेख लागतात. आमच्या गावात लागत नाहीत. ज्यानं सेवा सोसायटी पाहिली, बाजार समिती पाहिली, त्याला झुरिक कळतं. कापूस पिकवणारा वेगळा, मत टाकणारा वेगळा. निवडून यायला बाजार चांगला चालवावा लागत नाही, मोजकी डोकी सांभाळावी लागतात. फिफात 211 देश आहेत आणि प्रत्येकाला एक मत. ब्राझीलला एक, चार-पाच हजार वस्तीच्या माँटसेराट बेटालाही एक. आमचं सुलतानपूरही त्या बेटाला लोकसंख्येत मागं टाकेल. असा मतदार असला की सांभाळणारे येणारच.

मे 2011 ची गोष्ट. फिफाच्या अध्यक्षपदाला कतारचे मोहम्मद बिन हम्माम उभे होते. त्रिनिदादच्या हॉटेलात कॅरिबियन देशांच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि तिथं माणसी चाळीस हजार डॉलरची पाकिटं वाटली गेली. तेव्हाच्या भावानं अठरा लाख. काहींनी पाकिटं परत करून बोभाटा केला, म्हणून कळलं.

"अठरा लाख! एका मताले!" तात्या.

"अमेरिकेचा चक ब्लेझर नावाचा पदाधिकारी तर न्यू यॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये दोन फ्लॅट ठेवून होता. एक स्वतःला आणि एक मुख्यतः मांजरांना, असं लोक सांगत. भाडं संघटनेकडून."

"मांजराइले?" काकूंनी सूप खाली ठेवलं. आमच्याकडं घरकुलाची यादी तीन वर्षं लटकलेली आहे.

"मग 27 मे 2015 ला पहाटे झुरिकच्या बड्या हॉटेलात पोलीस शिरले. पदाधिकारी अंथरुणातून उठवले. बाहेर कॅमेरे, म्हणून हॉटेलच्या लोकांनी पांढऱ्या चादरी आडव्या धरल्या. आणि दोन दिवसांनी झुरिकलाच निवडणूक झाली, त्यात जुने अध्यक्ष ब्लाटर पुन्हा निवडून आले."

"चादरीआडून?"

"उघड. 133 विरुद्ध 73. चार दिवसांनी मात्र सोडतो म्हणाले."

तात्या आता पुरते तापले. फौजेत असतं तर एकेकाला कसं उभं केलं असतं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. ते इथं देत नाही. शेवटी म्हणाले, "मास्तर, दोष देणाऱ्याचा कमी हाय. घेणाऱ्याचा जास्त. पाकीट हाती घेतलं तिथंच मानूस इकल्या जाते. मी त्याच्या जागी असतो तर तोंडावर फेकलं असतं."

आतून कुकरची शिट्टी झाली. काकू उठल्या नाहीत.

"काहो," त्या सुपातली तूर हलवत म्हणाल्या, "सोसायटीच्या अध्यक्षाच्या वक्ताले तुमी कुठी गेल्ते?"

"कवा?"

"त्या साली. तुमी संचालक होते तवा. चार दिवस फोन बंद होता तुमचा."

"तिरुपतीले," तात्या म्हणाले. "देवाले गेल्तो."

"सारेच संचालक देवाले गेल्ते. गाडी कोनाची होती?"

तात्या बाजेची सुंभाची गाठ तपासू लागले. मी खुर्ची जरा मागं सरकवली, कारण त्या वर्षीचे लाडू आमच्याकडंही आले होते.

"प्रसाद होता तो," तात्या म्हणाले.

"लाडू प्रसाद व्हता. संगं खोकं काय होतं? पाच लिटरवालं?"

आत दुसरी शिट्टी झाली, मग तिसरी. तुरीच्या वरणाचा वास कुपाटीपर्यंत आला.

"बंद कर तो कुकर," तात्या म्हणाले. "डाळ लागन खाली."