अलिबागची हवा, कर्जतची माणसं

मुंबईची माणसं कर्जतला येतात ती हवेसाठी. शुक्रवारी रात्री लोकलमधून उतरतात, फलाटावरच नाकपुड्या फुगवतात आणि म्हणतात, ‘‘व्वा! काय हवा आहे!’’ आम्ही कर्जतकर त्याच फलाटावर उभे असतो. आम्हाला वड्याच्या तेलाचा वास येतो आणि घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन जोडल्याचा धक्का ऐकू येतो. हवा अशी वेगळी काही जाणवत नाही. माथेरान आमच्याच तालुक्यात. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट आपल्या खालापुरातल्या चौकहून चढून वर गेला आणि तेव्हापासून मुंबईच्या खोकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या, अन्न न पचणाऱ्या माणसांची सोय झाली. १९०७ पासून नेरळहून छोटी गाडीही सुरू झाली. पण साक्षात कर्जतचाच माणूस आजारी पडला, तर त्याने हवापालटाला कुठे जायचं, याचा विचार मॅलेटसाहेबाने केला नाही आणि पुढच्या कुठल्या कलेक्टरनेही केला नाही.

आमच्या घरात हा प्रश्न दादामुळे उभा राहिला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. ऐंशीच्या दशकात तो कर्जत सोडून हॉलंडला गेला, रॉटरडॅमच्या बंदरात क्रेनच्या देखभालीवर राहिला आणि तिथेच निवृत्त झाला. मध्यंतरी त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तिकडचे डॉक्टर गोळ्यांच्या बाबतीत हात फार आखडता घेतात. त्यांनी दादाला सांगितलं, रोज सपाटीवर चाला आणि जमलं तर थोडे दिवस समुद्रावर राहा. ज्या देशाचा चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली आहे, तिथल्या डॉक्टरने ‘सपाटीवर’ हे वेगळं का सांगावं, ते मला कळलं नाही. चढ शोधायला दादाला व्हिसा काढून बाहेरच जावं लागलं असतं.

समुद्र हे तिकडे जुनं औषध आहे. हेगशेजारी शेव्हेनिंगेन नावाचं गाव आहे. तिथे १८१८ साली याकोब प्राँक नावाच्या गृहस्थाने वाळूवर लाकडी न्हाणीघर उभारलं आणि समुद्राच्या पाण्याने आंघोळ करून बरं होऊ पाहणाऱ्यांची तिथे रीघ लागली. पुढे १८८५ मध्ये त्याच किनाऱ्यावर कुरहाउस हे मोठं थोरलं हॉटेल झालं. म्हणजे श्रीमंत आजाऱ्याची व्यवस्था तिकडे फार पूर्वीपासून चोख होती. दादा-वहिनींनी आपल्या ऐपतीप्रमाणे झीलंडमध्ये एक लाकडी घर भाड्याने घेतलं आणि सगळी उन्हाळी सुटी तिथे काढली.

त्या सुटीचं वर्णन वहिनींच्याच तोंडून ऐकावं. ‘‘जुलै महिना. अंगात स्वेटर, त्यावर जाकीट, डोक्याला रुमाल. वारा अडवायला कापडाची भिंत रोवायची आणि तिच्या आड बसून उन्हाळा साजरा करायचा. मी पोहे नेले होते डब्यात. झाकण उघडलं तर वरचं खोबरं उडून शेजारच्या बाईच्या टॉवेलवर. बाई बिचारी ‘काही हरकत नाही’ म्हणाली आणि खोबरं झटकून परत वाचत बसली. महिन्याभरात आमच्याशी कुणी बोललं असेल तर तेवढंच.’’

आणि तेच दादाला लागलं होतं. ऑपरेशन झालं, घरी आला, तर भेटायला कोणी नाही. नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. शेजाऱ्यांनी दाराच्या फटीतून शुभेच्छापत्रं आत सरकवली. जुन्या साहेबाने फोन करून पुढच्या पंधरवड्यातली गुरुवारची वेळ घेतली, ठरल्या वेळी आला, कॉफीबरोबर एक बिस्कीट खाल्लं आणि ठरल्या वेळी उठला. ‘‘अरे, माझी छाती उघडून परत शिवली,’’ दादा मला फोनवर म्हणाला, ‘‘आणि कसं शिवलं हे एका माणसाने विचारलं नाही!’’

मी म्हटलं, ‘‘दादा, तू कर्जतला ये.’’

तो एप्रिलच्या शेवटी आला. आंबा डोळ्यांपुढे ठेवून आला असणार, पण येताना त्याने इथल्या उन्हाचा हिशेब केलेला नव्हता. कर्जत-खालापूर समुद्रापासून तसं फार लांब नाही, पण मधे माथेरान-प्रबळचे डोंगर आणि पाठीशी सह्याद्रीची भिंत. दुपारचे खारे वारे आमच्यापर्यंत येईतो थकून जातात. आमच्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेला होता, आणि कर्जतही एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या पुढे सहज जातं. दादा सकाळी दहालाच ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली पडायचा.

पण उन्हापेक्षा माणसं जास्त होती. दादा आल्याची बातमी दहिवलीपासून खोपोलीपर्यंत पोचली आणि ओटीवरच्या चपला मोजायच्या थांबल्या. आजाऱ्याला बघायला जाण्याची आपली एक पद्धत आहे. आधी शहाळं पुढे करायचं, मग ‘काय हे, किती वाळलास’ म्हणायचं, मग आपल्या ओळखीत हेच ऑपरेशन झालेल्या माणसाची गोष्ट सांगायची. गोष्टीतला माणूस पहिल्या भागात ठणठणीत बरा होतो, अगदी बाजारात जाऊन पिशवीभर भाजी आणतो, आणि तिसऱ्या भागात जातो. सांगणारा मग सुस्कारा टाकून आजाऱ्याला म्हणतो, ‘‘पण तुला काही होत नाही.’’ एका मावशीने तर दादाच्या शर्टाची वरची बटणं स्वतःच काढून टाक्यांची ओळ वरून खालपर्यंत बोटाने तपासली आणि निकाल दिला, ‘‘आपल्याकडे याहून बारीक घालतात.’’

दादाचा चेहरा या सगळ्यात उजळत होता. माझ्या घरातली साखर, चहापूड आणि हिची कंबर मात्र उतरत चालली होती. ‘‘अहो, ते बरे होतील हो,’’ ही मला म्हणाली, ‘‘पण मग मला कुठे पाठवाल, तेही बघून ठेवा.’’ त्या रात्री मी ठरवलं, डच डॉक्टरचं म्हणणं खरं करायचं. समुद्रावर जायचं. अलिबागला.

इथे बाहेरच्या वाचकासाठी एक खुलासा करायला हवा. मुंबईकराला अलिबाग म्हणजे समुद्र, बंगला आणि मांडव्याची बोट. कर्जतकराला अलिबाग म्हणजे कचेरी. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आम्ही ठाणे जिल्ह्यात आहोत. पुढे आम्हाला उचलून कुलाब्यात घातलं, १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं, पण कलेक्टर अलिबागलाच बसतो. जिल्हा परिषद तिथे, जिल्हा न्यायालय तिथे, जात पडताळणी तिथे. आमच्याकडची कित्येक माणसं जन्मभर अलिबागला जातात आणि समुद्र न बघता परत येतात, कारण साहेब जेवून कधी येतील याचा भरवसा नसतो आणि खिडकीसमोरून हललं की नंबर जातो. ‘अलिबाग से आया है क्या’ या बोलण्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ मध्ये एक अलिबागकर उच्च न्यायालयापर्यंत गेला; न्यायालयाने याचिका फेटाळली. कर्जतच्या स्टँडवर संध्याकाळी हा प्रश्न अगदी सरळ मनाने विचारतात, आणि समोरचा खरोखरच अलिबागहून आलेला असतो, काखेत फाईल, कपाळावर आठी आणि पुढची तारीख घेऊन.

हे सगळं मला माहीत होतं. पण माणसं कचेरीत जातात, वरसोलीच्या सुरूच्या बनात कशाला येतील, असा माझा हिशेब होता.

खोपोलीवरून पेण गाठलं, वडखळच्या नाक्यावर रिवाजाप्रमाणे अडकलो, आणि धरमतरचा पूल ओलांडल्यावर दादा एकदम ताठ बसला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खारेपाट. सपाट भातखाचरं, कडेने मातीचे बांध, बांधापलीकडे खाडीचं पाणी खाचरांपेक्षा वर. ‘‘अरे, हे तर आमचंच!’’ तो ओरडला. त्याच्या तोंडचं ‘आमचं’ म्हणजे कधी कर्जत आणि कधी हॉलंड, हे प्रसंगावरून ओळखावं लागतं. मग त्याने बांध, बांधातल्या उघड्या म्हणजे पाण्याची दारं, पाण्याची पातळी यांवर व्याख्यान सुरू केलं. १९५३ च्या वादळात तिकडचे बांध फुटून अठराशेवर माणसं गेली आणि त्यानंतर डचांनी समुद्राला कसं जेरीस आणलं, ते त्याने पोयनाड येईपर्यंत सांगितलं. इथे मला बोलावंच लागलं. म्हटलं, ‘‘दादा, इथल्या बांधांनी सावकाराला जेरीस आणलंय. हे चरी गाव. १९३३ पासून १९३९ पर्यंत इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसलीच नाही. नारायण नागू पाटलांच्या मागे उभी राहिली माणसं. लाकडं तोडून विकली, मासळी मारली, पण नांगर धरला नाही.’’ दादा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘सहा वर्षं? आमच्याकडे संप दुपारी सुटतो.’’

वरसोलीला नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्या मिळाल्या. दुपारी खारा वारा सुटला तेव्हा दादाने पंखा बंद करायला सांगितला. कर्जतच्या माणसाने मे महिन्यात पंखा बंद करायला सांगितलेला मी प्रथमच ऐकला. वहिनी पायरीवर बसून पांढरा कांदा चिरत होत्या, ही नुसती बसली होती. नुसतं बसलेलं तिला मी बऱ्याच दिवसांनी बघत होतो. झापाची सावली, खाली ताटात कांद्याची चकती, वाऱ्याने हलणारं तिचं पातळ. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फाटक वाजलं. दहिवलीचे गुरुजी. जात पडताळणीला नातवाचा प्रस्ताव घेऊन आले होते, साहेब मीटिंगला, म्हणून म्हटलं दादाला बघून यावं. हातात शहाळं. नारळाच्या वाडीत, नारळाच्या झाडाखाली, कर्जतहून एसटीने आणलेलं शहाळं. मालकाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि काही न बोलता कोयता आणायला गेला.

त्यानंतर धरण फुटलं. खालापूरचे एक शेतकरी मोजणीच्या अपिलासाठी. चौकच्या दोन बहिणी भावाविरुद्ध, आणि पाठोपाठ तो भाऊ, बहिणी गेल्या का हे फाटकाबाहेरून विचारून मग आत आलेला. शेतघरांच्या धंद्यामुळे आमच्याकडे गुंठ्याला भाव आला आणि भाव आल्यापासून प्रत्येक घराला तारीख आली. पूर्वी तारखेला आलेली माणसं जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली डबा खायची. आता त्यांना वरसोलीला हक्काचं ठिकाण मिळालं. माणसं येत, कचेरीची पिवळी फाईल दादाच्या पायथ्याशी ठेवत, टाक्यांची विचारपूस करत आणि जाताना म्हणत, ‘‘बरं झालं तुम्ही इथे आलात. कर्जतला यायला वेळच होत नव्हता.’’

सगळ्यात थोर आमचा धाकटा चुलतभाऊ. आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यात तो वादी आहे आणि मी, दादा आणि आणखी बरेच जण प्रतिवादी. वर्षभर तो माझ्याशी बोललेला नाही. तो सरळ आत आला, दादाच्या पाया पडला, शेजारी बसला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, ‘‘दादा, तब्येतीला जप. तू नसलास तर वारस लावायला परत दोन वर्षं जातील.’’ दादाने त्याला जेवायला ठेवून घेतलं. हिने वालाचं बिरडं केलं होतं. वादीने दोनदा मागून घेतलं.

कुलाबा किल्ल्यात मात्र आम्ही चौघेच जाणार होतो. दादा फोनवर भरती-ओहोटीचं कोष्टक शोधत बसला; घोडागाडीवाल्याने घोड्याचा पट्टा आवळता आवळता सांगितलं, ‘‘आज चौथ. चार त्रिक बारा, भागिले चार. तीनला भरती. म्हणजे नवाला चालत जा, दहाच्या आत परत या.’’ तिथीला तिनाने गुणून चाराने भागायचं की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. दादाचं कोष्टक थोड्या वेळाने उघडलं, तेव्हा उत्तर तेच होतं, फक्त इंग्रजीत. त्याने घोडागाडीवाल्याचा हात हातात घेऊन हलवला. रॉटरडॅममध्ये या कामाला खातं आहे म्हणे.

आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून गाडीने गेलो. आंग्र्यांचा किल्ला, आत गोड्या पाण्याची विहीर, रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ. संकष्टी होती. दादा दीपमाळेजवळ उभा राहून नुसता वारा घेत होता आणि मी मनात म्हणत होतो, चहूकडून पाणी, इथे तरी कोण येणार. तेवढ्यात देवळातून गुरुजी बाहेर आले. साहेब अकराशिवाय बसत नाहीत, म्हणून दर्शन उरकून घेत होते.

शेवटी वाडीच्या मालकालाच राहवलं नाही. एका संध्याकाळी त्याने मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘‘साहेब कुठल्या पक्षाकडून उभे राहताहेत?’’ मी सांगितलं, आजारी आहेत, विश्रांतीला आलेत. तो समजूतदारपणे हसला. ‘‘सगळे आधी तसंच सांगतात,’’ म्हणाला, आणि चहाचे पैसे त्याने त्या दिवसापासून लावले नाहीत.

जूनच्या पहिल्या सरीआधी दादा-वहिनी परत गेले. तिकडच्या डॉक्टरने तपासलं, नाडी, रक्तदाब, चालण्याचा दम, सगळं उत्तम. समुद्राचा गुण आला, असं त्याने कागदावर लिहून दिलं. जुलैत दादाचा फोन आला तो झीलंडच्या लाकडी घरातून. मागे वारा घोंघावत होता. मला वाटलं, तब्येतीचं काही सांगेल. म्हणाला, ‘‘त्या दाव्याची पुढची तारीख कधी आहे ते विचारून ठेव. तिकीट त्या हिशेबाने काढतो. प्रतिवादी आहे मी, हजर राहायला नको?’’

मी चुलतभावाला विचारलं. वर्षभरानंतर मी त्याला स्वतःहून केलेला तो पहिला फोन. तारीख ऑक्टोबरची होती. दादाने तिकीट काढलं, वहिनींनी स्वेटर बाहेर ठेवले, वाडीवाल्याने दोन्ही खोल्या राखून ठेवल्या, आणि सप्टेंबरात साहेबांची बदली झाली.