बिब घ्यायला कोण जाणार?

रविवारी पहाटे रस्त्यावर कोणी धावताना दिसलं, तर त्याच्या मागे एकतर कुत्रं असतं नाहीतर ध्येय. माझ्या मागे सध्या दोन्ही आहेत. कुत्रं आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं, ते विश्रामबाग चौकापर्यंत येऊन परत फिरतं. ध्येय परत फिरत नाही. महाराष्ट्रातली प्रत्येक मॅरेथॉन धावायची, असं ते ध्येय, आणि ते मी स्टाफरूममध्ये शिपायासकट सगळ्यांच्या देखत जाहीर करून बसले आहे.

गणिताच्या सरांनी तिथल्या तिथे विचारलं, "बाई, प्रत्येक म्हणजे किती?"

याचं उत्तर कुणापाशी नाही. मुंबईची मॅरेथॉन 2004 पासूनची, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची. पुण्याची त्याहून जुनी, 1983 ची. वसई-विरार, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, इथवर बोटं पुरतात. पुढे मात्र बँकेचा सुवर्णमहोत्सव, पतसंस्थेचा वर्धापनदिन, नव्या दवाखान्याचं उद्घाटन, भाऊंचा वाढदिवस, आणि प्रत्येकाची एक 'भव्य मॅरेथॉन'. त्यातल्या काही इतक्या भव्य असतात की तीन किलोमीटरमध्ये संपतात. शेवटी मी नियम केला, निदान 21 किलोमीटर असेल तरच ती यादीत. तरीही यादी वाढतेच. एक धावून घरी यावं, तोवर कुठल्यातरी तालुक्यात 'पर्व पहिले' असा फलक लागलेला असतो.

वास्तविक फुल मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटर या अंतराला तरी कुठे धड शास्त्र आहे? 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. अंतर भरलं तेवढं. 1921 मध्ये तेच कायम झालं. मान्यवर कुठे बसणार यावरून शर्यतीचं अंतर ठरतं, म्हणून आपण उगाच तालुक्याच्या आयोजकांना हसतो. ही पद्धत थेट ऑलिंपिकची आहे. मधल्या काळात तर अंतर आणखी मोकळं होतं. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला बेळगावचे फडेप्पा चौगुले गेले, त्यांना 42.75 किलोमीटर धावावं लागलं. ते एकोणिसावे आले. त्यांच्या जाण्यामागची हकिकतही पुण्याची आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकरी गडी अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले आणि हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं. त्या गड्यांपैकी कुणाला आदल्या दिवशी बिब घ्यायला जावं लागलं नसणार, याचा मला हेवा वाटतो.

कारण खरी शर्यत ती आहे. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, शर्यतीच्या आदल्या दिवशी त्या गावी स्वतः जाऊन, आधार कार्ड दाखवून घ्यायचा. शर्यत रविवारी, म्हणजे बिब शनिवारी. शनिवारी आमची सकाळची शाळा. ती सुटल्यावर सातारा गाठता येतं, कोल्हापूर तर हसत गाठता येतं, पण नागपूर? आमच्या भागातून तिकडे जायला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. कोल्हापूरहून निघते, मिरज, पुणे, मनमाड करत नागपूर गाठते आणि पुढे गोंदियाला थांबते. अख्खा दिवस आणि वर रात्र गाडीत, आणि एवढं करून आपण राज्याबाहेर पाऊल टाकलेलं नसतं. भूगोल शिकवताना 'महाराष्ट्राचा पूर्व-पश्चिम विस्तार' हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. त्याचा अर्थ कंबरेला मनमाडच्या आसपास कळला.

शिवाय रविवार फक्त आम्हा धावणाऱ्यांचे नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षा रविवारी, टीईटी रविवारी, एमपीएससी रविवारी, आणि पर्यवेक्षक म्हणून आम्हीच. उन्हाळ्यात कुणी धावत नाही, पावसाळ्यात वर्षा मॅरेथॉन थोड्या, आणि दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत एकेका रविवारी चार-चार गावं झेंडा दाखवतात. मी एक, रविवार एक. गणिताच्या सरांनी मला कागदावर सिद्ध करून दिलं की हे ध्येय पुरं होऊच शकत नाही. मी तो कागद घडी घालून बुटात ठेवला. बूट अर्धा नंबर सैल होता.

मुक्कामाच्या लॉजवर काउंटरवरचा माणूस हमखास विचारतो, "लग्नाला आलात का मॅडम?" पहाटे साडेतीनला चहा मिळेल का म्हटलं की त्याची खात्री पटते, लग्न नाही, काहीतरी वेगळं आहे. साडेतीनला उठायचं कारण नाजूक आहे. धावणाऱ्या माणसांच्या दोन जमाती असतात, पोट साफ होऊन आलेले आणि न होता आलेले. पहिली जमात वेळेबद्दल बोलते, दुसरी फक्त रस्त्याकडेची दुकानं आणि पेट्रोल पंप बघत धावते. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शर्यतीच्या पहाटे 'झालं' एवढाच मेसेज येतो आणि त्याला चाळीस जण अंगठा दाखवतात. निकालाला एवढे अंगठे मिळत नाहीत.

एवढ्या सगळ्यातून सुटून एकदा माणूस धावू लागला की मात्र सुख असतं. तीन तास कुणी काही विचारत नाही, कुठे काही भरून द्यायचं नसतं. या सबंध उपक्रमात विश्रांती म्हणावी असा भाग तेवढाच.

साताऱ्याची शर्यत खरं तर हाफ, पण ती यादीत वरच्या नंबरावर आहे. पोलीस परेड मैदानावरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून तसंच खाली. 2015 मध्ये डोंगरावर एका वेळी सर्वाधिक माणसं धावल्याचा गिनीज विक्रम तिथे झाला. मी म्हणेन की त्यातले निम्मे चढावर चालत असावेत, मी तर आजही चालते. धुकं इतकं की पुढच्याचे फक्त बूट दिसतात. चढताना दम जातो तो परत येतो. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं, ते बरेच महिने तसंच. कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलं येतात म्हणे. आम्ही त्यांच्या अलीकडून माघारी वळतो.

मुंबईचा थाट निराळा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटतात तेव्हा अंधार असतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी टोल भरूनही पायी जाता येत नाही, त्या दिवशी जाता येतं. परतताना पेडर रोडचा चढ लागतो. एरवी गाडीतून जाणाऱ्याला तो चढ आहे हे ठाऊकही नसतं, पण फुल मॅरेथॉन धावणाऱ्याला तो अशा वेळी भेटतो जेव्हा फुटपाथची कडसुद्धा घाट वाटते. कडेला उभे असलेले लोक मात्र संत्र्याच्या फोडी पुढे करतात, बिस्किटं देतात, अनोळखी माणसाचं बिबवरचं नाव वाचून ओरडतात. आमच्या सोसायटीत माझं नाव इतक्या प्रेमाने फक्त पाणीपट्टी थकल्यावर घेतलं जातं.

आणि मग तालुक्याची. कुठल्या ते सांगत नाही. सहाची वेळ होती, साडेसातला नारळ फुटला. पाहुणे वाटेत होते. तोवर संगीतावर कवायत, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग धावण्याचं आरोग्यातलं महत्त्व, तेही न धावणाऱ्यांकडून. बंदूक वाजताच शाळाशाळांतून आणलेली पोरं वादळासारखी सुटली आणि पहिल्या वळणावर बसून पोहे कुठे मिळणार याची चौकशी करू लागली. त्यात आमचा एक माजी विद्यार्थी भेटला. बराच वेळ माझ्या शेजारून येत होता. शेवटी अदबीने म्हणाला, "बाई, मी चालतोय आणि तुम्ही धावताय, तरी आपण बरोबरच आहोत. तुम्ही पण चाला की, दमाल कशाला?" भौतिकशास्त्र मी शिकवत नाही, त्यामुळे उत्तर दिलं नाही.

घरी नवऱ्याचा विरोध नाही. त्याला टी-शर्ट मिळतात. एक दूध संघ, दोन बिल्डर आणि अनेक पतसंस्था तो आळीपाळीने अंगावर घालून स्कूटर धुतो. सासूबाईंचं मात्र तत्त्वाचं भांडण आहे. त्यांना मी लता करेंची गोष्ट सांगितली. नवऱ्याच्या आजारपणासाठी पैसे हवे होते म्हणून त्या बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात कामही त्यांनीच केलं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, तिला धावून पैसे मिळाले. तू पैसे भरून धावतेस."

मग मी आशिष कासोदेकरांचं नाव काढलं. त्यांनी सलग 60 दिवस, रोज एक, अशा मॅरेथॉन धावून विश्वविक्रम केला. सासूबाईंनी विचारलं, "कुठं धावले?" म्हटलं, पुण्यात. "बघ," त्या म्हणाल्या, "पुणेकरानं विक्रम केला तोसुद्धा पुणं न सोडता. तुलाच कशाला गोंदिया लागतंय?"

तेव्हा राज्यातल्या तमाम आयोजकांना माझी विनंती आहे. बिब शर्यतीच्या दिवशी पहाटे जागेवरच द्या. आणि भाषणं कृपा करून आम्ही निघाल्यावर सुरू करा. मला परत यायला तीन तास लागतात; तेवढ्यात सगळ्यांचं बोलून होईल.