पन्नास पैशांची पिशवी

२३ जून २०१८ला राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि मुलुंडच्या भाजीबाजारात माणसं कापडी पिशव्या घेऊन सभ्यपणे हिंडू लागली. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार दंड होता. एवढ्या पैशांत त्या वेळी कोथिंबिरीचा मळा आला असता. बंदी वापरावर होती तशी साठ्यावरही होती. म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकणारी, पोटात पन्नास पिशव्या कोंबलेली थोरली पिशवी हा आमच्या घरचा बेकायदा साठाच. आमच्या सासूबाईंनी तो हलवला नाही. ‘लागतात कधीतरी,’ एवढंच म्हणाल्या.

थट्टा सोडली तर, २६ जुलै २००५च्या पुरात पिशव्यांनी तुंबलेले नाले ज्यांनी पाहिले, त्यांना बंदीचं कारण समजावून सांगावं लागत नाही. मुलुंडकरांना तर मुळीच नाही. इथलं डम्पिंग ग्राउंड अर्धशतकभर कचरा रिचवून ऑक्टोबर २०१८मध्ये बंद झालं; तोवर वारा फिरला की खिडकी लावायची, हे इथली पोरं बाराखडीआधी शिकायची.

दुधाच्या पिशवीला मात्र सरकारने अट घालून सूट दिली: पिशवी जाड हवी, ती परत घेण्याची सोय हवी आणि परताव्याची किंमत तिच्यावर छापलेली हवी. किमान पन्नास पैसे. जून २०१९मध्ये पर्यावरणमंत्री रामदास कदमांनी विधिमंडळात सांगितलं, की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात, त्यांचा कचरा होतो ३१ टन. ग्राहकाने पन्नास पैसे जास्त द्यायचे, पिशवी परत केली की ते परत घ्यायचे.

योजना ऐकून सासूबाईंना नवल वाटलं नाही, किंचित राग आला. पिशवी धुऊन ओट्यामागच्या टाइलवर चिकटवायची, वाळली की गठ्ठ्यात ठेवायची, किलोभर झाली की रद्दीवाल्याशी वजनकाट्यावरून भांडायचं, आणि आलेले पैसे डब्यात टाकून त्याबद्दल घरात कुणाशी बोलायचं नाही, हे धोरण त्या कोणत्याही अधिसूचनेशिवाय राबवत आल्या आहेत. त्यात एक पोटकलमही आहे: पिशवीचा कोपरा पुरता कापायचा नाही, लोंबता ठेवायचा. सुटा झालेला तो इवला तिकोना ना रद्दीत जातो ना कुणाच्या हाती लागतो; मोरीतून थेट नाल्यात. हे कलम सरकारी कागदावर असतं तर बरं झालं असतं.

योजना काही आमच्या गल्लीपर्यंत पोचली नाही. आली असती तरी अडचण वेगळीच होती. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं, पण मुंबईत ते कुणी घेत नाही. दूधवाल्याने दोन पिशव्या झाल्याशिवाय हिशेब केला नसता, आणि एकच असली तर पन्नास पैशांऐवजी हातावर चॉकलेट ठेवलं असतं. त्याचा चकचकीत कागद आमचा रद्दीवाला फुकटसुद्धा नेत नाही.