पानावर बसलेला माणूस

नववीत ‘माझा प्रवास’ हा निबंध इंग्रजीतून लिहिताना मी एसटीत ‘इन द बस’ बसलो होतो. सरांनी ‘इन’वर लाल काट मारली आणि ‘ऑन’ केलं. म्हणजे मला उचलून थेट टपावर बसवलं, बोचक्यांच्या शेजारी! पुढच्या परिच्छेदात टॅक्सी होती. एकदा ठेच लागल्यामुळे तिथे मी शहाणपणाने ‘ऑन’ लिहिलं होतं. सरांनी पाय धरून आत ओढलं.

“ज्यात उभं राहून चालता येतं ते ऑन, ज्यात वाकून शिरावं लागतं ते इन,” सर म्हणाले.

आमच्या गावच्या एसटीत बाजारच्या दिवशी चालून दाखवा, हे मी मनात म्हणालो. उघड म्हणायची सोय नव्हती. छडी मात्र ‘ऑन’ होती.

आमचं शब्दयोगी अव्यय गरीब. झाडाला चिकटून ‘झाडाखाली’ येतं. इंग्रजीतलं प्रीपोझिशन चोपदारासारखं नामाच्या पुढे चालतं आणि कोण कुठे बसणार ते आधी ठरवतं. ते शिकवायला होतं रेन आणि मार्टिनचं व्याकरण. त्यातल्या पी. सी. रेनने १९२४ साली ‘बो जेस्ट’ लिहिली, वाळवंटात खितपत पडलेल्या फ्रेंच फौजेची कादंबरी. सक्तमजुरीचा विषय त्याला नवा नव्हता.

माझी चूक एवढीच की मी मराठीवर विश्वास ठेवला. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस ऑन’. तिथे तर काहीच लागत नाही म्हणे. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’, तर हवं ‘टू’. निदान आपल्या मराठीला तरी तर्क आहे, या समाधानावर मी चाळीस वर्षं काढली.

मग पुतण्याची बायको लखनौहून आली आणि मराठी शिकू लागली.

“काका, मी सोमवारला येते.”

“सोमवारी,” मी म्हणालो. नागपुरात खपलं असतं, पण आम्ही पुण्यात.

“मग जूनी येते?”

“जूनमध्ये.”

“आणि पाची?”

“पाच वाजता.”

तिने वही काढली, तेव्हाच मला सरांची छडी आठवायला हवी होती. पुढचा प्रश्न आला: प्रेम तिच्या‘वर’, लग्न तिच्या‘शी’ आणि नंतर घाबरायचं मात्र ति‘ला’, असं का? “आमच्याकडे तिन्हींना एकच ‘से’ पुरतं, काका.”

उत्तर सुचेना. नेमकी आतून हाक आली, पानं वाढली होती. “चल, आधी पानावर बसू,” म्हणून मी सुटका करून घेतली.

ती जागची हलली नाही. वाफाळत्या वरणभाताकडे बघत म्हणाली, “काका, त्यावर? की त्यात?”